एक मिलिमीटरची जागा

मुलांनो, गॅरेजमध्ये मोटारीचे इंजिन उघडलेले तुम्ही पाहिले असेल. सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली होतो. सिलिंडरच्या वरचे झाकण म्हणजे हेड. पिस्टन अगदी वर आला, की त्याच्या आणि हेडच्या मध्ये थोडी जागा उरते. ही जागा किती असावी?

अमेरिकेतील शेव्हरोलेट कंपनीचे ३५० हे आठ सिलिंडरचे इंजिन घ्या. ते १९६७ साली आले आणि शर्यतीच्या शौकिनांचे फार आवडते झाले. मिनिटाला ६००० फेरे होतात, तेव्हा त्याचा प्रत्येक पिस्टन सेकंदाला १०० वेळा वर येतो. या वेगात पोलादी कनेक्टिंग रॉडसुद्धा किंचित ताणला जातो. बेअरिंगमध्येही थोडी मोकळीक असते. म्हणून जागाच ठेवली नाही, तर पिस्टन हेडवर आदळेल आणि इंजिन निकामी होईल.

"मग जागा भरपूर ठेवावी!" असे तुम्ही म्हणाल. नवा कारागीरही असेच म्हणतो आणि येथेच फसतो. पिस्टनचा सपाट भाग हेडच्या सपाट भागाजवळ आला, की मधले पेट्रोल व हवेचे मिश्रण जोराने बाजूला ढकलले जाते. ते चांगले ढवळले जाते आणि लवकर जळते. इंग्लंडचे इंजिनिअर हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धानंतर या युक्तीचा उपयोग केला होता. जागा जास्त झाली, तर मिश्रण नीट ढवळले जात नाही. मग कडेला उरलेले मिश्रण आपोआप पेटण्याचा धोका वाढतो. इंजिनातून खटखट आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. ते फार झाले तर पिस्टनला भोकसुद्धा पडते.

पोलादी रॉड असेल, तर साधारण १ मिलिमीटर जागा ठेवतात. म्हणजे तुमच्या वहीची दहा-बारा पाने! ॲल्युमिनियमचा रॉड जास्त ताणतो, म्हणून त्याला सुमारे दीड मिलिमीटर लागते.

आता हिशेब पाहा. या इंजिनात पिस्टन ब्लॉकच्या वरच्या कडेपासून सुमारे ०.६ मिलिमीटर खाली थांबतो. दाबलेले गॅस्केट १ मिलिमीटरचे असेल, तर जागा १.६ झाली. ती कमी करण्यासाठी ०.४ मिलिमीटरचे पातळ पोलादी गॅस्केट बसवतात किंवा ब्लॉकचा वरचा भाग मशीनवर कापून घेतात. मात्र कापलेला धातू परत जोडता येत नाही. म्हणून आधी डायल गेजने आठही सिलिंडर मोजतात. सगळ्यांचे माप सारखे नसते. जो पिस्टन सर्वांत वर येतो, त्यावरून गॅस्केट ठरवतात.