तान्ह्या मुलाची जीभ

माजिवड्यांतील एखाद्या घरीं मूल जन्माला आलें कीं पाळण्याभोंवतीं सल्ल्यांचीहि गर्दी होते. मूल अंगावर पितांना टक्‌टक्‌ आवाज करतें, वारंवार स्तन सोडतें, पिऊनहि रडतें आणि आईच्या बोंडांना चिरा पडतात. तेव्हां कोणी म्हणतें, 'जीभ चिकटलेली आहे, कापून घ्या'. कोणी म्हणतें, 'बाटली द्या.' दोन्ही सल्ले घाईचे होत.

जिभेखालीं पातळ पडदा सर्वांनाच असतो. तो आखूड वा ताठ असला, तर जीभ पुरती उचलली जात नाहीं. तथापि अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०२४ सालच्या अहवालानुसार अशा मुलांपैकीं निम्म्याहून कमी मुलांनाच पिण्याची अडचण येते.

म्हणून आधीं पाजण्याची रीत तपासावी. मुलाचें तोंड मोठें उघडून बोंडाभोंवतालचा काळा भागहि त्यांत जावा, हनुवटी स्तनास टेकावी. पांचव्या दिवसानंतर दिवसाकाठीं निदान सहा वेळां लघवी होणें व वजन वाढणें, ही दूध पुरत असल्याची खूण. तसें नसेल, किंवा मूल सुस्त पडूं लागलें, तर त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. खाडीपलीकडे कळव्यास महानगरपालिकेचें छत्रपति शिवाजी महाराज रुग्णालय आहे. डॉक्टरांस मुलाच्या जिभेबरोबर पाजणेंहि दाखवावें.

तोंवर दूध हातानें पिळून वाटी-चमच्यानें पाजावें. न काढलेलें दूध आटत जातें, आणि खरें नुकसान तेथेंच होतें. रीत सुधारूनहि अडचण राहिली, तरच पडदा कापावा. तज्ज्ञांच्या हातून तें काम थोड्या मिनिटांत होतें. घरीं नखानें वा पात्यानें केल्यास रक्तस्रावाचा व जंतुसंसर्गाचा धोका असतो.