पाटे बसले की…

मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहिलं, की कुठल्या पिकअपचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, बसलेत ते कळतं. मागचा हौदा चाकाला टेकायला आलेला, बॉनेट वर, आणि हेडलाइट समोरच्याच्या थेट डोळ्यांत. एखादी उजवीकडे झुकलेली. गाडीवाले त्याला एवढंच म्हणतात, ‘गाडी बसली.’

आमच्या शेजारच्या डेकोरेटरची पिकअप अशीच बसली होती. पंधरा वर्षांची गाडी, हौद्यात मंडपाचे बांबू, मागे ट्रॉलीवर जनरेटर. गणपती महिन्यावर आले होते, म्हणून तिला घेऊन आम्ही भांडुपच्या एका पाटेवाल्याकडे गेलो.

भांडुपमधून जाणारा एलबीएस मार्ग म्हणजे जुना आग्रा रोड. नाशिककडे जाणारा माल कित्येक वर्षं इथूनच गेला. कुर्ल्यात प्रीमियरचा कारखाना होता. तिथल्या पद्मिनी मोटारीचा मागचा भार पाट्यांवरच असे, आणि ती टॅक्सी 2023च्या ऑक्टोबरात शहरातून गेली. कांदिवलीत आकुर्ली रोडला महिंद्राचा कारखाना आहे. गाड्या बनवणाऱ्या आणि हाकणाऱ्या या उपनगरांत पाटेवाल्याला कामाची ददात नव्हती. त्याची विद्या मात्र मोटारीहून जुनी. ओबडाया इलियट नावाच्या इंग्रजानं 1804 साली घोडागाडीसाठी लंबगोल कमानीचं पेटंट घेतलं. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्याही कमानींवरच डुलत धावल्या.

मिस्त्रींनी आधी टेप काढली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत डावीकडे 43 सेंटिमीटर, उजवीकडे 39. मग ते म्हणाले, “शेठ, एक जादा पाटा टाकून हवा असेल तर आत्ता टाकून देतो. गाडी वर येईल. पण रिकामी असली की उडेल, आणि जुना पाटा आहे तसा मेलेलाच राहील.”

हे बोलणं मला फार मोलाचं वाटलं, कारण बहुतेक जण तो जादा पाटाच मागतात. गाडी लगेच उचललेली दिसते आणि खर्चही कमी. पण पाटे बसतात ते पोलादाची मूळ कमान गेल्यामुळे. वर्षानुवर्षं जास्त माल, खड्ड्यांतले दणके, दोन पाट्यांमध्ये साचलेला पावसाळी गंज. शेवटी पोलाद वाकतं ते परत येत नाही. कधी एखादा पाटा आतल्या आत तुटलेला असतो. कधी शॅकलचा, म्हणजे पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचा, बुश जाम झालेला असतो. भार पडला की पाटा सपाट होतो, म्हणजे लांब होतो. त्या वाढलेल्या लांबीला जागा देण्यासाठीच शॅकल झुलतं. ते झुलेना, की पाटा अडकून पडतो.

मुळात एका जाड पट्टीऐवजी सात-आठ पातळ पाटे का, याचं उत्तर गणितात आहे. पट्टीची जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो. तेवढ्याच जाडीचे दोन सुटे पाटे एकावर एक ठेवले तर तो फक्त दुप्पट. म्हणून पातळ पाट्यांचा जुडगा वजन पेलतो आणि लवतोही. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात आणि उसळी थोडी आवरतात.

जुडगा खोलल्यावर उजवीकडचा तिसरा पाटा सेंटर बोल्टच्या भोकाशी तुटलेला निघाला. भेग बऱ्याचदा तिथंच पडते, कारण भोकानं पट्टी अशक्त झालेली असते. मुख्य पाट्याच्या दोन डोळ्यांना सुतळी ताणून बांधली. डावीकडच्या पाट्याचं पोट सुतळीपासून चार बोटं खाली होतं, उजवीकडचं जेमतेम दोन.

मग भट्टी. पाटा तापून केशरी झाला, की सांडशीनं धरून घणानं कमान चढवायची. प्रत्येक पाटा वरच्यापेक्षा जरा जास्त वाकलेला हवा, म्हणजे आवळल्यावर जुडगा घट्ट बसतो. कमान साच्याला जुळली, की लालभडक पाटा तेलाच्या टाकीत. तेल असलं तरी या कामाला ‘पाणी देणं’च म्हणतात. या पाण्यानं पोलाद कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. म्हणून पुन्हा साधारण चार-पाचशे अंशांवर तापवून त्याचा कडकपणा थोडा उतरवावा लागतो. हे दुसरं तापवणं जो टाळतो, त्याचा पाटा घाटात तुटतो. मिस्त्री ताप रंगावरून ओळखतात. त्या अंधाऱ्या शेडमध्ये दिवा न लावण्याचं कारण तेच. मोठे कारखाने हेच काम मोजमापाच्या भट्टीत करतात, म्हणून तुटलेल्या पाट्याजागी नवा तयार पाटाच घालावा. वेल्डिंग केलेला पाटा कधीही स्वीकारू नये.

पाटे होईपर्यंत मिस्त्रींनी ट्रॉलीचं नाक, म्हणजे हुकाला जोडायचं पुढचं टोक, भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवायला लावलं. ट्रॉली 900 किलोची, नाकावर 160. इतकं नको; साधारण दहा ते पंधरा टक्के पुरे. गाडीच्या दोन एक्सलमधलं अंतर 2.8 मीटर, हुक मागच्या एक्सलच्या 1.1 मीटर मागे. म्हणजे तरफेच्या हिशेबानं मागच्या एक्सलवर 160 नव्हे, 223 किलो पडत होते आणि पुढचा 63 किलोनं हलका होत होता. स्टिअरिंग सैल, पुढच्या ब्रेकची पकड कमी, दिवे आभाळाकडे. डिझेलचे ड्रम आणि केबलची वेटोळी ट्रॉलीच्या पुढच्या टोकाला रचलेली होती. ती मागे, ट्रॉलीच्या चाकांवर घेतली आणि नाकावर 110 राहिले. त्याहून फार कमी केलं तर ट्रॉली रस्त्यावर शेपूट हलवू लागते.

वजनाची मर्यादा मोडली तर कायद्यात 20 हजारांचा दंड आहे, वर जादा टनामागे दोन हजार. मला त्याहून मोठी भीती पाठीमागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या जिवाची वाटते.

पाटे बसवताना दोन्ही बाजूंचे सेंटर बोल्ट, शॅकल बुश आणि चारही यू-बोल्ट नवे घातले. यू-बोल्ट एकदा आवळला की ताणला जातो; जुना परत वापरणं म्हणजे एक्सल नशिबावर सोडणं. भरल्या गाडीसाठी खाली एक हेल्पर पाटाही बसवला. रिकाम्या गाडीत तो कुठेच टेकत नाही; भार आल्यावरच कामाला लागतो. जनरेटर जोडून पुन्हा टेप लावली: डावीकडे 45, उजवीकडे 45.

“पाचशे किलोमीटर झाले की या,” मिस्त्री म्हणाले, “पाटे एकमेकांत बसतात, नट सैल होतात.”

दोन आठवड्यांनी गाडी परत नेली. आठही नटांनी पाव-पाव फेरा घेतला.