नादारी आणि न्याय

दिवाणी दावा म्हटला की सुलतानपूरच्या शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी न्यायाधीश येत नाही, खर्च येतो. सातबाराची नक्कल, कोर्ट फी, वकिलांची फी आणि तारखेपायी बुडालेली मजुरी. धुऱ्याचा तंटा असो की बापाच्या जमिनीतला बहिणीचा वाटा, पुष्कळ हक्क या हिशेबातच मरतात.

नादाराची सोय पूर्वी अगदीच नव्हती असे नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील ३३ व्या आदेशान्वये गरिबाला फी न भरता दावा लावता येई, आजही येतो. पण ही माफी नव्हे, उधारी आहे. दावा हरला तर फी त्याच्याच माथी बसते, जिंकला तर मिळालेल्या मिळकतीवर तिचा पहिला बोजा. वकील देण्याची तजवीज या आदेशात १९७६ च्या दुरुस्तीने आली.

मुंबई सरकारने १९४९ साली न्यायमूर्ती न. ह. भगवती यांची समिती या प्रश्नासाठी नेमली होती. आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात. पुढे घटनेत ३९-अ हे कलम १९७६ साली आले, विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा १९८७ साली झाला आणि तो अमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. कायदाही तारखा घेतो म्हणायचा!

या कायद्याने मात्र हक्क दिला. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज मंजूर झाला की वकील, कोर्ट फी, नकला यांचा भार अर्जदारावर राहत नाही. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. पण स्त्रिया, मुले, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना ही अट मुळीच लागू नाही. म्हणजे माहेरच्या जमिनीत वाटा मागणारी बहीण, तिच्या नवऱ्याची दहा एकर बागाईत असली तरी, अर्ज करू शकते. शिवाय मालमत्तेच्या व पोटगीच्या दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फी माफ करणारा महाराष्ट्र शासनाचा आदेश १९९४ पासून आहे, हे किती घरांत ठाऊक आहे?

खरी अडचण वेळेची आहे. भाऊ म्हणतो, "ताई, नावापुरती सही कर," आणि ताई हक्कसोडपत्रावर अंगठा उठवते. वकिलाची आठवण मागाहून होते. वास्तविक दाव्यापूर्वीचा सल्लाही याच कायद्यात बसतो, तोही फुकट. त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तो रंगवून घ्यावा, अशी आमची सूचना आहे.