तंत्र-उद्योजकतेचें उच्च शिक्षण आणि शेतकऱ्याचीं मुलें

कोरपना तालुक्यांतील पुष्कळ शेतकरी कुटुंबांत अलीकडे एक प्रश्न वारंवार निघूं लागला आहे. मुलगा किंवा मुलगी इंजिनियर झाली; आतां पुढें काय? गडचांदूर व आवारपूर येथील सिमेंटच्या कारखान्यांत सर्वांनाच जागा मिळत नाहीं, आणि कापूस, सोयाबीन व तूर यांच्या शेतींतच सारा जन्म घालविण्यास शिकलेल्या मुलाचें मन घेत नाहीं. अशा वेळीं ‘तंत्र-उद्योजकता’ या विषयांत आणखी दोन वर्षें उच्च शिक्षण घ्यावें, असा सल्ला कोणीतरी देतो. हा विषय काय आहे, त्यांत काय शिकवितात, आणि त्यासाठीं घरचा पैसा घालणें कितपत शहाणपणाचें आहे, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

तंत्र-उद्योजकता म्हणजे शास्त्रीय ज्ञानाच्या आधारें नवी वस्तु किंवा नवी कृति सिद्ध करून ती गिऱ्हाइकास परवडेल अशा किमतींत, स्वतःच्या जोखमीवर आणि टिकाऊ धंद्याच्या रूपानें त्याच्या दारापर्यंत पोंचविणें. शोध लावणें हा त्यांतील एक भाग झाला. पण तो सर्व भाग नव्हे. हा भेद समजण्यास आपल्याच जिल्ह्यांतील उदाहरण पुरेसें आहे.

नागभीड तालुक्यांतील नांदेड या गांवचे दादाजी रामाजी खोब्रागडे यांचें नांव धान पिकविणाऱ्या कोणासही ठाऊक असेल. दीड एकराचे हे धनी. शाळेंतील शिक्षण तिसरीपर्यंतचें. 1983 सालीं आपल्या धानांत त्यांना कांहीं निराळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनीं वेगळ्या काढल्या, वर्षानुवर्षें निवडून लावल्या, आणि त्यांतून बारीक दाण्याचा, चवीचा व उताऱ्याचा वाण तयार केला. त्या काळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळावरून व्यापाऱ्यानें त्यास ‘एच्. एम्. टी.’ हें नांव दिलें. 1998 सालीं ‘पी. के. व्ही.-एच्. एम्. टी.’ या नांवानें शुद्ध केलेला वाण प्रसृत झाला, आणि हा तांदूळ अनेक प्रांतांत पसरला. 2005 सालीं राष्ट्रपतींच्या हस्तें त्यांचा गौरवही झाला. परंतु 3 जून 2018 रोजीं ते वारले तोंपर्यंत गरिबीनें त्यांची पाठ सोडली नाहीं. वाण त्यांचा, पण नांव, बियाण्याचा व्यापार आणि त्यांतील नफा दुसऱ्यांचा, अशी ही स्थिति होती. शोधाची बुद्धि त्यांच्या ठायीं भरपूर होती. शोधाचें धंद्यांत रूपांतर करण्याची सोय मात्र त्यांच्या हाताशीं नव्हती.

याच्या उलट बाजूचें उदाहरण किर्लोस्करांचें. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेंत शिक्षक होते. 1888 सालीं त्यांनीं बेळगांवास सायकलींचें दुकान काढलें. पुढें कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर केला. लोखंडानें जमीन नासते, अशी तेव्हां शेतकऱ्यांची समजूत होती, आणि नांगर घेण्यास प्रथम कोणी धजेना. लक्ष्मणरावांनीं धीर सोडला नाहीं. 1910 सालीं औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांस अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेंत धाडलें गेलें, आणि 1926 सालीं तेथील पदवी घेऊन ते परतले. म्हणजे बापानें अनुभवानें धंदा उभारला व मुलानें शास्त्र शिकून तो वाढविला. आज ज्याला तंत्र-उद्योजकतेचें शिक्षण म्हणतात, तें या दोन्ही गोष्टी एकत्र देण्याचा प्रयत्न आहे.

या शिक्षणाचीं मुख्य अंगें पांच. पहिलें गरजेची पारख. ‘आमचें यंत्र घ्याल काय?’ असें विचारल्यास भिडेखातर कोणीही होकार देतो. ‘गेल्या वर्षीं हें काम कसें केलें व त्यास किती खर्च आला?’ असें विचारल्यास खरें उत्तर मिळतें. दुसरें नमुना. तो लहान करावा, दुसऱ्यांच्या शेतांत चालवावा, मोडूं द्यावा व सुधारावा. तिसरें हिशेब. वस्तु विकली जावो वा न जावो, होणारा खर्च कोणता. नगामागें वाढणारा खर्च कोणता. आणि किती नग खपल्यावर तोटा थांबतो, हें आधीं मांडावें. चौथें हक्क. आपल्या देशांत पेटंट अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षें चालतें. पण अर्ज करण्यापूर्वीं यंत्राची रचना जगजाहीर केली, तर बहुधा नवेपणाचा हक्क बुडतो. वनस्पति व बियाणें यांस पेटंट मिळत नाहीं. त्यांच्यासाठीं 2001 चा वाण-संरक्षण व शेतकरी-हक्क कायदा आहे, आणि शेतकऱ्यास त्याखालीं स्वतःचा वाण नोंदवितां येतो. पांचवें भांडवल. कर्जाचें व्याज पहिल्या महिन्यापासून चढतें. भागीदार व्याज मागत नाहीं, पण मालकींत वाटा घेतो. कोणत्या वेळीं कोणतें भांडवल घ्यावें, हें न कळल्यामुळें चांगले धंदेही बुडतात.

हीं अंगें आपल्या एका जिनसेला लावून पाहूं. कापूस निघाल्यावर उरणाऱ्या पऱ्हाट्यांचा प्रश्न प्रत्येकापुढें असतो. मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनें, जिची स्थापना 1924 ची आहे, पऱ्हाट्यांपासून दाबलेले फळे व जळणाच्या कांड्या करण्याच्या कृति बसविल्या आहेत. तेव्हां तंत्र हातीं आहे. मग धंदा कां होऊं नये? समजा, कांड्यांचें यंत्र दिवसास 5 टन माल काढतें आणि वर्षांत 250 दिवस चालतें. म्हणजे 1250 टन पऱ्हाट्या हव्यात. हेक्टरी 2 टन धरल्यास 625 हेक्टर, म्हणजे सुमारें साडेपंधराशें एकर कापसाच्या पऱ्हाट्या गोळा कराव्या लागतील, आणि त्याही उलंगवाडीनंतरच्या दोन-तीन महिन्यांत. पऱ्हाटी हलकी व फोंफसी. गाडी भरते पण वजन भरत नाहीं, म्हणून लांबून आणल्यास भाड्यांतच नफा जातो. शिवाय पऱ्हाट्यांचे ढीग तसेच रचून ठेवले तर त्यांत गुलाबी बोंडअळी राहते व पुढल्या पिकावर उठते. म्हणून शेतांतच त्यांचे बारीक तुकडे करणें भाग आहे. यावरून असें दिसतें कीं, या धंद्याचें खरें मर्म कांड्यांच्या यंत्रांत नसून तुकडे करण्याच्या फिरत्या यंत्रांत व गांवोगांवच्या गोळा करण्याच्या व्यवस्थेंत आहे. जवळच सिमेंटच्या भट्ट्या असल्या, तरी त्या कोणत्या भावानें व किती ओलावा चालवून माल घेतील, हें लेखी ठरल्याशिवाय यंत्रास हात लावूं नये. असा विचार करण्याची संवय लागणें हेंच या शिक्षणाचें फळ होय.

हें शिक्षण मिळतें कोठें? पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत ग्रामीण भागासाठीं पर्यायी तंत्रज्ञानाचें केंद्र 1985 पासून आहे. तेथें ‘तंत्रज्ञान व विकास’ या विषयाची एम्. टेक्. पदवी 2007 पासून सुरू झाली. तींत विद्यार्थ्यास खेड्यांत राहून काम करावें लागतें. ती नांवानें उद्योजकतेची पदवी नव्हे, पण आपल्या मुलांस सर्वांत जवळची तीच. त्याच संस्थेंत नव्या धंद्यांस आश्रय देणारी संस्था 2004 सालीं व देसाई-सेठी उद्योजकता केंद्र 2014 सालीं निघालें. अहमदाबादची उद्योजकता विकास संस्था 1983 पासून आहे. तिचा अभ्यासक्रम दोन वर्षांच्या पदविकेचा आहे. ज्यास पदवी नको, पण मदत हवी, त्यानें कृषि-उद्योगांसाठीं 2018-19 सालीं राष्ट्रीय कृषि विकास योजनेखालीं निघालेली व्यवस्था पाहावी. तींत कल्पनेच्या अवस्थेंत 5 लाखांपर्यंत व पुढल्या अवस्थेंत 25 लाख रुपयांपर्यंत अनुदान ठरविण्यांत आलें होतें.

आतां धोक्याच्या दोन गोष्टी. पदवीनें धंदा होत नाहीं. खोब्रागड्यांजवळ पदवी नव्हती व शोध होता. पुष्कळ पदवीधरांजवळ पदवी असते व शोध नसतो. ज्याच्या डोक्यांत एखादी अडचण घर करून बसलेली नाहीं, त्यानें आधीं दोन-तीन वर्षें कारखान्यांत वा शेतांत काम करावें, मग शिकावयास जावें. दुसरी गोष्ट, जमीन विकून किंवा गहाण टाकून या शिक्षणाची फी भरूं नये. सरकारी तंत्रसंस्थांत ‘गेट’ परीक्षेनें प्रवेश मिळविणाऱ्यांस विद्यावेतनाची सोय असते. तो मार्ग कठीण खरा, पण घर न बुडविणारा आहे. धंद्यांत पहिली खेप बहुधा फसते. तीही गहाणाच्या पैशानें फसली, तर दुसरी खेप करण्यास पायाखालीं जमीन राहत नाहीं.

म्हणून मुलास धाडण्यापूर्वीं बापानें व आईनें त्याला एवढेंच विचारावें : तूं कोणाची अडचण दूर करणार? ते लोक आज त्या अडचणीवर किती पैसा घालवितात? तुझ्या कामांत या गांवचा वाटा काय? या तीन प्रश्नांस सरळ उत्तर देणारीं मुलें, मग तो मुलगा असो वा मुलगी, आनंदानें धाडावीं. शोध कोरपन्याचा, पऱ्हाट्या कोरपन्याच्या आणि नफाही कोरपन्यांतच, असें ज्या दिवशीं होईल, त्या दिवशीं या शिक्षणाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.