नाणेघाट चढावा तो खालूनच

जुन्नरहून घाटघरमार्गे आता थेट नाणेघाटाच्या माथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. गाडी लावायची, कड्यावर जाऊन कोकणाकडे तोंड करून फोटो काढायचे, भजी खायची आणि परत फिरायचं. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. या मंडळींना हवा मिळते, धुकं मिळतं, वाऱ्याने उलटं वर उडणारं पाणी बघायला मिळतं. पण घाट मिळत नाही. घाट म्हणजे चढायची वाट, आणि ती खाली कोकणातल्या वैशाखरे गावापाशी सुरू होते.

कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत माळशेजकडे जाणारी सकाळची एसटी पकडायची. जुन्नर किंवा आळेफाट्याची कुठलीही चालते. टोकावडे मागे पडलं की उजवीकडे सह्याद्रीची सलग भिंत उभी राहते आणि तिच्यात एक सुळका वर काढलेल्या अंगठ्यासारखा दिसतो. हा नानाचा अंगठा. त्याच्याच पोटाशी आपल्याला जायचंय. वैशाखरे ओलांडलं की रस्त्याकडेला नाणेघाटाची पाटी लागते, तिथेच उतरायचं.

सुरुवातीचा तासभर वाट सपाटच म्हणावी अशी. सागाच्या पानांचा कुरकुर आवाज, मध्येच ओढ्याचं पात्र, गुरांच्या वाटा. इथे चकवा लागतो तो याच वाटांनी, म्हणून मळलेली रुंद वाट सोडू नये. मग कारवी सुरू होते, चढ छातीवर येतो आणि बोलणं आपोआप थांबतं. पाण्याच्या बाटलीचं ओझं जाणवायला लागतं. मला दर वेळी इथेच जुन्या व्यापारी तांड्यांची आठवण होते. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने वर जुन्नरला आणि पुढे पैठणपर्यंत जायचा. आपल्या पाठीवर तीन लिटर पाणी आणि डबा, तर त्या जनावरांच्या पाठीवर काय काय असेल!

शेवटच्या टप्प्यात पायाखाली मुरमाच्या जागी कातळ येतो आणि त्यात पायऱ्या दिसायला लागतात. काही पार झिजलेल्या, मधोमध खोलगट. कडेला खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. गाडीने वरून उतरून आलेल्या माणसाला ती नुसती जुनी टाकी वाटतात. अडीच-तीन तास चढून, घसा कोरडा पडलेल्या माणसाला ती इथेच का खोदली हे सांगावं लागत नाही. चढ जिथे माणसाला अगदी मेटाकुटीला आणतो, तिथेच पाणी आहे आणि तिथेच टेकायला गुहा आहे.

गुहा चौकोनी, भिंतींना लागून दगडी बाकं. आत गेल्यावर आधी गार वाटतं. डोळे सरावले की डाव्या-उजव्या भिंतींवर अक्षरं दिसू लागतात, ओळींवर ओळी. हा सातवाहन राजघराण्याचा लेख. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, वय २,००० वर्षांहून अधिक. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याला तो १८२८ साली दिसला आणि त्याने त्याची जगाला माहिती दिली. पुढे भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर, मग आपले वा. वि. मिराशी अशा मोठ्या विद्वानांनी त्यावर काम केलं.

हा लेख एका बाईचा आहे, हे मराठी माणसाला शाळेतच सांगायला हवं होतं. राणी नागनिका, पहिल्या सातकर्णीची पत्नी. केलेले यज्ञ आणि दिलेली दक्षिणा यांची तपशीलवार नोंद तिने या भिंतींवर करून ठेवली आहे. अश्वमेध, राजसूय, आणि त्यांबरोबर गाई, घोडे, हत्ती, गावं, कार्षापण नाणी. गाईंचा एक आकडा १,७०० आहे, नाण्यांचा एक २४,४००. हे आकडे अंकचिन्हांनी लिहिले आहेत, भारतातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी ते आहेत. त्यात शून्य नाही. शंभराला वेगळी खूण, हजाराला वेगळी.

मागच्या भिंतीवर एके काळी राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आज मूर्ती नाहीत, खाली पायांच्या खुणा तेवढ्या उरल्यात आणि वर नावं. सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, राजकुमार, महारठी त्रनकयिर. राजाला तिथे ‘राया’ म्हटलंय. आपल्या ओव्यांमधला, लावण्यांमधला राया इथे भेटला की अंगावर काटा येतो. आणि या अक्षरांच्या शेजारीच कोणीतरी स्वतःचं नाव बाण आणि बदाम काढून कोरलेलं असतं. राग येतो, वाईट वाटतं. आपल्याबरोबर मुलं असतील तर त्यांना ही दोन्ही अक्षरं शेजारी शेजारी दाखवावीत.

गुहेच्या वर घाट एका अरुंद नळीत शिरतो. दोन्ही बाजूंना काळे कडे आणि मधे पायऱ्यांची वाट. पावसाळा सोडला तरी इथे वारा असतोच. नळीतून डोकं वर काढलं की गणपती, आणि पलीकडे एकाच दगडात कोरलेला मोठा रांजण. जकातीची नाणी यात टाकत, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. घाटाचं नावही त्यावरूनच पडलं म्हणतात. दुसरी कथा नाना आणि गुणा या दोघांच्या पैजेची आहे, आणि ती सांगणारे नानाच्या अंगठ्याकडे बोट दाखवतात. मला पहिली पटते, पण दुसरी माथ्यावर बसून ऐकायला जास्त आवडते.

माथ्यावर सगळंच बदलतं. खाली कोकणची झाडी, वर मोकळं पठार, भातखाचरं आणि समोर जीवधन किल्ला, त्याला खेटून वानरलिंगीचा सुळका. हा महादेव कोळ्यांचा मुलूख. उन्हाळ्याच्या तोंडावर आलात तर अंगणाअंगणांत बाळहिरडा वाळत घातलेला दिसेल, सुरकुतलेला, काळपट. हिरड्याच्या पैशावर इथल्या घरांचं बरंच काही चालतं. चहा देणाऱ्या मावशींनी मला विचारलं, “खालून आलात का?” हो म्हटल्यावर त्यांनी चहाआधी पाण्याचा तांब्या पुढे केला. पिठलं-भाकरी सांगितली तर तासाभरात होते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पावसात पायऱ्या शेवाळतात आणि धुक्यात वाट हरवते, त्यामुळे सवय नसलेल्यांनी तेव्हा जाऊ नये. माणशी तीन लिटर पाणी हवंच. दुपारी तीनच्या आत उतरायला लागावं, खालच्या रानात अंधार लवकर होतो. हायवेला पोचलात की एसटी येईपर्यंत मागे वळून बघा. सकाळी नुसता सुळका दिसला होता. आता अंगठ्याच्या बाजूची बारीक चीरही दिसते, आणि तिच्यातून आपण दोनदा गेलोय हे पोटऱ्यांना ठाऊक असतं.