परतीचा प्रवास

शालेय सामन्यांच्या दिवशी आपले लक्ष मैदानावर खिळलेले असते. मैदानापर्यंतची वाट नजरेआड राहते. शाळेच्या नित्याच्या बसचा रस्ता ठरलेला असतो, चालक ओळखीचा असतो. स्पर्धेसाठी मात्र गाडी आयत्या वेळी भाड्याने ठरते, आणि सामना लांबला की परतताना रात्र होते. दिवसभर ताटकळलेला चालक तेव्हा मुलांइतकाच थकलेला असतो. त्यात घाई झाली, की धोका वाढतो. कारण वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लागल्यावर गाडी थांबण्यास सुमारे चौपट अंतर लागते.

१९९७ साली दिल्लीत शाळेची एक बस यमुनेत कोसळून अनेक मुले दगावली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने दिलेले आदेश शाळेच्या बसप्रमाणे भाड्याच्या बसलाही लागू केले : शालेय कामाचा फलक, प्रथमोपचाराची पेटी, वेगनियंत्रक, अनुभवी चालक. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्कूलबससाठी स्वतंत्र नियम केले.

परंतु चालकाची झोप झाली आहे काय, हे नियमाने नव्हे, विचारल्यानेच कळते. क्रीडाशिक्षकांनी ते विचारावे, निघताना व परतताना मुले मोजावीत, आणि फार उशीर झाल्यास मुक्काम करावा. ढाल पुढच्या वर्षीही जिंकता येईल.