गाणं दुसऱ्याचं, गर्दी त्याची

लग्नसराईत संध्याकाळी कळवणहून अभोण्याकडे निघा. एखादं गाव दिसायच्या आधीच ठोका ऐकू येतो. गाण्याचे शब्द नाहीत, चाल नाही, नुसता धम्म धम्म ठोका. गावात हळद आहे आणि डीजे आलाय, हे कळायला तेवढं पुरतं.

पण आधी ठोकाच का पोचतो? गाणं मागे कुठे राहतं?

आवाज म्हणजे हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर वेगानं धावणारी लाट. बेसचा खोल आवाज सेकंदाला 50 वेळा थरथरतो असं धरलं, तर त्याची एकेक लाट जवळजवळ 7 मीटर लांब होते. ज्या पिकअपवर स्पीकरची भिंत रचलेली असते, ती पिकअपसुद्धा एवढी लांब नसते! अशा लाटेला घराचा कोपरा किंवा झाडाचं खोड काय अडवणार? ती वळसा घालून पुढे जाते. गाण्यातल्या झांजेची किणकिण मात्र जेमतेम काही सेंटिमीटरच्या लाटांची असते. ती भिंतींवर आपटते, पानांत अडकते, हवेतच विरते. म्हणून गावाबाहेर पोचतो तो गाण्याचा फक्त सांगाडा.

आणि या सांगाड्यातच सगळी जादू आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2022 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. इलेक्ट्रॉनिक संगीताचा खरा कार्यक्रम, खरे प्रेक्षक. मधूनमधून त्यांनी काही खास स्पीकर चालू केले, पुन्हा बंद केले. त्यांचा आवाज इतका खोल की तो वाजतोय हे कुणाला ओळखता येत नव्हतं. तरीही ते स्पीकर चालू असताना लोकांच्या हालचाली जवळपास 12 टक्क्यांनी वाढल्या. कानाला पत्ता नाही आणि पाय मात्र जास्त जोरात नाचतायत! आपलं अंग आपल्याला न विचारता नाचायचं ठरवतं, हे वाचून मी थक्क झालो होतो.

आता डीजे वाजवणाऱ्या त्या माणसाकडे बघा. तो गात नाही, संबळ वाजवत नाही, गाणंही बहुतेक दुसऱ्याचंच. मग हजार माणसं त्याच्याकडे तोंड करून हात वर का करतात?

कारण वेळ त्याच्या हातात आहे. समजा एक गाणं मिनिटाला 124 ठोक्यांचं आहे, दुसरं 126 चं. दोन्ही एकदम सुरू केली, तर पंधराव्या सेकंदाला ती अर्ध्या ठोक्यानं चुकतात आणि अंगणातले पाय अडखळतात. औताच्या दोन बैलांना एका चालीवर आणावं तसं डीजे एका गाण्याचा वेग किंचित ओढतो, ठोक्यावर ठोका बसवतो आणि मग एक गाणं अलगद उतरवून दुसरं चढवतो. नाचणाऱ्याला सांधा कळतसुद्धा नाही. आज हे काम सॉफ्टवेअर करून देतं. पण 1970 च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये फ्रान्सिस ग्रासोसारखे डीजे ते निव्वळ कानानं आणि बोटांनी करायचे.

त्याहून मोठी गंमत बेस काढून घेण्यात आहे. ठोका अचानक थांबतो, आवाज चढत जातो, सगळे ताटकळतात, आणि मग धाडकन सगळं परत कोसळतं. मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी 2011 मध्ये दाखवून दिलं की आवडत्या संगीताच्या शिखरावर मेंदूत डोपामिन सुटतं, आणि त्याच्या आधी, नुसत्या वाट पाहण्यातही सुटतं. तेही मेंदूच्या वेगळ्या भागात. म्हणजे डीजे आपल्याला दोनदा सुख देतो. एकदा देऊन, आणि त्याआधी एकदा रोखून धरून.

पण एवढ्यानं माणूस स्टार होत नाही. त्यासाठी नाव लागतं, आणि नाव मोठं करण्याची युक्ती जमैकात किंग्स्टनच्या रस्त्यांवर घडली. 1950 च्या दशकात तिथे ट्रकवर जनरेटर, रेकॉर्ड प्लेअर आणि अवाढव्य स्पीकर लादून ‘साउंड सिस्टिम’ फिरायच्या. चित्र ओळखीचं वाटतंय ना? दुसऱ्याकडे नसलेलं गाणं ज्याच्याकडे, तो राजा. म्हणून कॉक्सन डॉड नावाचा सिस्टिमवाला रेकॉर्डवरचं लेबलच खरवडून काढायचा. विलिस जॅक्सनचं ‘लेटर फॉर द गेटर’ त्यानं चक्क ‘कॉक्सन हॉप’ म्हणून गाजवलं. प्रतिस्पर्धी ड्यूक रीडनं अखेर ती रेकॉर्ड शोधून काढली आणि स्वतःच्या सिस्टिमवर वाजवली, तेव्हा डॉडचं राज्य हललं. याच शहरात जन्मलेला एक मुलगा 1967 मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि 11 ऑगस्ट 1973 ला ब्रॉन्क्समध्ये बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवू लागला. तो डीजे कूल हर्क. हिप-हॉपचा जन्म त्याच पार्टीपासून धरतात.

आता आपल्याकडचे रिमिक्स ऐका. गाण्याच्या मधोमध डीजेचं नाव घुमतं. शीर्षकात लिहिलेलं असतं: ‘साउंड चेक’, ‘कॉम्पिटिशन’, ‘हलगी मिक्स’, ‘अनरिलीज्ड’. लेबल खरवडणाऱ्या कॉक्सनचं नावही इथल्या किती पोरांनी ऐकलं असेल? तरी डाव तोच: हे फक्त माझ्याकडे आहे! वरातीत दोन सिस्टिम समोरासमोर आल्या की चुरस लागते, तीही तीच. मला या साम्याचं फार अप्रूप वाटतं. ट्रक, जनरेटर, मोकळा रस्ता आणि नाचायला आसुसलेली माणसं एकत्र आली की स्टार जणू आपोआप उगवतो.

मोठा पैसा नंतर येतो. गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर 2007 मध्ये सनबर्न हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव सुरू झाला, 2016 मध्ये तो पुण्याला आला. 2015 मध्ये न्यूक्लिया या डीजेनं आपला ‘बास रानी’ हा अल्बम मुंबईत गणपती विसर्जनाच्या गर्दीत आणला. आणि 2024 मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं ‘तांबडी चामडी’ नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं काढलं. मराठी शब्द, हाउस संगीताचा ठोका!

या सुखाची किंमत कानात मोजावी लागते. 85 डेसिबल आवाजात माणूस आठ तास काम करू शकतो. 100 डेसिबलला सुरक्षित वेळ उरतो फक्त 15 मिनिटं. कानाच्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. हळदीला स्पीकरच्या तोंडाशी लहान मुलं नाचताना दिसली की मला राहवत नाही, त्यांना मागे घ्या.

प्रसिद्धीचा झोत कुणावर पडेल, हे मात्र भलतंच बेभरवशाचं. मुंबईतले वादक चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली आणि दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर वाजवून एक रेकॉर्ड काढली. ती फारशी कुणी घेतली नाही. शिकागोतून ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचं संगीत जगभर गाजलं ते 1987 नंतर, त्या तीन यंत्रांतल्याच एकाच्या चिरक्या, वळवळत्या आवाजावर. 2010 मध्ये ती जुनी रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि ऐकणारे चक्रावले: हा आवाज मुंबईत पाच वर्षं आधीच वाजून गेला होता! चरणजित सिंग 2015 मध्ये गेले. कौतुक त्यांच्या वाट्याला आलं ते अगदी उतारवयात.

म्हणून मला कळवण-सुरगाण्याच्या पिकअपवरचा कीबोर्डवाला महत्त्वाचा वाटतो. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात घुमणारी पावरी भोपळ्याची आणि बांबूची. तिची चाल त्यानं विजेच्या सुरात उतरवली, खाली ऑक्टोपॅडचा ठोका दिला, आणि गावंच्या गावं त्यावर नाचतायत. गाडीवर नाव मालकाचं असतं, रिमिक्समध्ये डीजेचं. पुढच्या हळदीला बेस थांबला की त्या पोराजवळ जा. ही चाल कुणाकडून घेतलीस, पहिल्यांदा कोणत्या गावात वाजवलीस, हे विचारा, आणि त्याच्या नावासकट लिहून ठेवा.